धक्क्यावरून गळ टाकायचाय, सोबत दोन मुलं. सुरुवात कुठून करावी?

दोनपोरांचीआई

समुद्राच्या धक्क्यावर उभं राहून गळाने मासे पकडायला सहकुटुंब जायचं घाटतंय. दोन मोठे, एक नऊ वर्षांचा मुलगा, एक सहा वर्षांची मुलगी. अनुभव चौघांचाही शून्य. होडी नको, खडकांवर चढणं नको, कठडा असलेला साधा धक्का हवा. वाचायला बसलं की जो तो वेगळंच सांगतो आणि सामानाची यादी मारुतीच्या शेपटासारखी लांबत जाते. म्हणून थेट विचारते. रॉड चार घ्यायचे की दोन पुरतील? भरतीला जायचं की ओहोटीला? आमिष कोणतं? सहा वर्षांच्या पोरीच्या हाती काय द्यायचं? आणि काहीच लागलं नाही तर मुलं परत येतील का?

शिसं६०ग्रॅम

दोन रॉड. चार जणांत चार रॉड म्हणजे चार तंगूस (गळाची दोरी) एकाच प्रवाहात, आणि पंधराव्या मिनिटाला चारांचा एक गोळा. शिवाय प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस रिकाम्या हातांनी लागतं. आमिष लावणं, मासा सोडवणं, पोराला कठड्यावरून खाली खेचणं, ही तिन्ही कामं त्याचीच.

मोठ्यांसाठी सात-आठ फुटी (२.१ ते २.४ मीटर) स्पिनिंग रॉड, मुलासाठी पाच-सहा फुटी. खेळण्यातला, कार्टूनची चित्रं असलेला अडीच फुटी रॉड नको. त्याचं टोक कठड्याच्या बाहेरही पोचत नाही, तंगूस काँक्रीटवर घासून तुटते.

रीळ २५०० किंवा ३००० मापाचं. त्यावर ०.३० मिमीची साधी नायलॉन तंगूस, साधारण ६ किलो ताणाची. वेणीची (ब्रेडेड) दोरी पहिल्यांदा नकोच. गुंता सुटत नाही, बोट कापतं आणि खांबाला घासली की पटकन तुटते. स्पूल (तंगूस गुंडाळायची रिळाची चकरी) भरताना काठापासून २ मिमी मोकळं ठेवा. काठोकाठ भरलं की वेटोळी एकदम सुटतात आणि घरटं तयार.

खारावारा

वरच्याशी सहमत, पण त्याआधीचा मुद्दा: लांब फेकू नका. खरं तर फेकूच नका, सोडा.

धक्क्याच्या खांबांवर कालवं, शिंपले, शेवाळ चिकटलेलं असतं. त्यात किडे, छोटे खेकडे, कोळंबी. त्यांच्यामागे मासे. वर धक्क्याची सावली. म्हणजे मासे पायाखालीच असतात, आणि नवशिके मात्र पन्नास मीटरवर उघड्या वाळूत शिसं (तंगूस बुडवायचं वजन) टाकायची धडपड करतात. त्या धडपडीत मागून जाणाऱ्याच्या कानाला हुक लागतो तो वेगळाच.

सोडायची पद्धत: रॉड कठड्याबाहेर धरा. तर्जनीने तंगूस रॉडला दाबून रिळाची तार (बेल) उघडा. बोट हळू सैल करा, शिसं स्वतःच्या वजनाने जाईल. तळाला टेकलं की तंगूस एकदम ढिली पडते. तार हाताने बंद करा, हँडल फिरवून नव्हे. ढील गोळा करा. तंगूस जेमतेम ताठ झाली की थांबा. पोरांना हे पाच मिनिटांत जमतं, मोठ्यांना दहा.

नुसताचवाचक

म्हणजे काखेत कळसा. फक्त हा कळसा पोहतो.

खारावारा

@नुसताचवाचक, आणि आमिष खाऊन पळतो.

एक राहिलं. बाजू निवडताना प्रवाह बघा. वाळलेलं पान किंवा काडी पाण्यात टाका. ती धक्क्यापासून दूर वाहत जाईल ती बाजू घ्यायची. उलट्या बाजूला उभं राहिलात तर प्रवाह तुमचं सगळं सामान धक्क्याखाली, खांबांत नेऊन घालतो. भरती उलटली की बाजूही बदला. नवशिक्यांचं निम्मं शिसं इथेच जातं.

हुकनंबरआठ

हुकच्या आकड्यांबद्दल कुणी बोललं नाही. आकडा वाढला की हुक लहान होतो: १० नंबर ८ पेक्षा लहान, ८ हा ४ पेक्षा लहान. १ च्या पुढे मग १/०, २/० असं उलटं मोठं होत जातं. दुकानात 'मोठा नंबर द्या' म्हणालात तर नखाएवढा हुक मिळेल.

कुटुंबासाठी ६ आणि ८ नंबर. धक्क्याजवळच्या बहुतेक माशांचं तोंड लहान असतं. लहान हुकावर मोठा मासाही लागतो. मोठ्या हुकावर लहान मासा नुसतं आमिष कुरतडून जातो. पोरांचं लक्ष टिकवायचं तर टोचे (माशाने आमिषाला तोंड लावल्याचे झटके) येत राहिले पाहिजेत.

आणि घरूनच, पक्कडीने, सगळ्या हुकांचे काटे (बार्ब) चेपून घ्या. चेपलेला हुक माशातूनही सुटतो आणि बोटातूनही. तंगूस ताठ ठेवली तर मासे फार सुटत नाहीत.

गुंतासम्राट

मांडणी (रिग) सोपी ठेवायची तर ही:

तंगुशीच्या टोकाला एक फिरकी (स्विव्हल). फिरकीखाली ०.४० मिमीची एक मीटर तंगूस. सगळ्यात खाली शिसं. शिशाच्या ३० सेंमी वर एक फासा, त्याच्या ४० सेंमी वर दुसरा. दोन्ही फाशांना १५ सेंमीच्या आखूड दोऱ्यांवर हुक. दोऱ्या १५ सेंमीच का, तर दोन फाशांत ४० सेंमी अंतर आहे आणि दोन्ही हुक एकमेकांकडे वळले तरी भिडायला नकोत. दोऱ्या २५ च्या केल्या की दोन्ही हुकांची गळाभेट ठरलेली.

शिसं ३० ग्रॅमपासून सुरू करा. तळाला टिकत नसेल, सरकत असेल तर ४५, मग ६०. ६० ग्रॅमही वाहून जात असेल तर शिसं वाढवू नका, तासभर थांबा. तो प्रवाह मुलांसाठी नाहीच.

गाठ: तंगूस हुकच्या डोळ्यातून घाला, मूळ तंगुशीभोवती सहा वेढे द्या, टोक डोळ्याजवळच्या पहिल्या फटीतून आणि मग नव्याने झालेल्या मोठ्या फाशातून काढा, ओली करा, हळू ओढा. कोरडी ओढली की घर्षणाने नायलॉन तापतं आणि गाठ तिथेच कमजोर होते. थुंकी चालते. जादा टोक ३ मिमी ठेवून कापा.

कोळंबीकाका

दोन हुकांऐवजी पिसांची तयार माळ का नाही? पाच-सहा छोटे हुक, आमिषही लागत नाही, वर-खाली हलवलं की झालं. थवा आला तर एका वेळी तीन मासे. मुलं नाचतात.

हुकनंबरआठ

@कोळंबीकाका, सहा उघडे हुक, खाली फडफडणारा मासा, आणि वाऱ्यावर झुलणारी ही माळ सहा वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्याच्या उंचीवर. नको.

कोळंबीकाका

मधून कापून तीन हुकांची करा की. वर ओढताना रॉड मोठ्याच्या हातात. मुलांनी मागे दोन पावलं.

गुंतासम्राट

तीनची चालेल, पण सुरुवातीच्या तासात नाही. आधी एका हुकाचा मासा काढायची सवय होऊ दे. आणि माळ गुंडाळून ठेवायला पोहायला शिकवतात त्या फोमच्या नळीचा वीतभर तुकडा घ्या. प्रत्येक हुक त्यात टोचून ठेवायचा. पिशवीत सुटी टाकलेली माळ पुन्हा कधी माळ होत नाही.

ओहोटी

भरती-ओहोटी. प्रश्नाचं सरळ उत्तर: भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एक.

कारण असं. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सव्वासहा तास, पण पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढावाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात पुन्हा एक. म्हणजे चढउतार ३ मीटरचा असेल तर पहिल्या तासात २५ सेंमी आणि तिसऱ्या-चौथ्या तासात ७५-७५ सेंमी. मधल्या दोन तासांत प्रवाह सगळ्यात जोराचा. शेवटच्या दोन तासांत पाणी अजून चालतंय, मासे खायला आलेत, पण शिसं तळाला टिकतं. पाणी वर असल्याने मासा उचलायची उंचीही कमी.

दिवस निवडताना पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचं उधाण टाळा. अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती घ्या. चढउतार कमी, प्रवाह मवाळ. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे या शनिवारी गैरसोयीची असेल तर पुढच्या शनिवारी वेगळी येईल. तक्ता मात्र त्याच बंदराचा बघा. शेजारच्या खाडीतली वेळ वेगळी असू शकते.

शिसं६०ग्रॅम

भांगाला मासे कमी खातात. उधाणाचं पाणी तळ ढवळतं, खाणं वर येतं, मासे अंगात आल्यासारखे तुटून पडतात.

ओहोटी

खरं आहे. पण धागा 'जास्तीत जास्त मासे कसे मिळतील' असा नाही. उधाणाला ६० ग्रॅमचं शिसं वाहतं, तंगुशी एकमेकींत जातात आणि नऊ वर्षांचा मुलगा सारा वेळ गुंते सोडवत बसतो. चार मासे कमी चालतील.

शिसं६०ग्रॅम

बरं, मान्य. मग भांगाला निदान सकाळची किंवा संध्याकाळची भरती धरा. भर दुपारी उथळ पाण्यातले मासे सावलीत खोल जाऊन बसतात. आपली पोरंही तेच करतील.

गरवणारा

अवांतर: सगळे 'रॉड' 'रॉड' करताहेत. हातगरी कुणाला आठवते का? रॉड नाही, रीळ नाही. लाकडी फळीला किंवा बाटलीला गुंडाळलेली तंगूस, शिसं, एक हुक. सरळ खाली सोडायचंय ना? मग रॉडचं काम काय? टोचा थेट बोटाला कळतो, मोडायला काही नाही, आणि नऊ वर्षांच्या मुलाला खरं गरवणं म्हणजे काय ते समजतं.

पण हातगरीला ०.३० ची तंगूस चालत नाही, बोट चिरतं. मुख्य तंगूस ०.६० मिमी घ्या आणि हुककडचा शेवटचा मीटरभर ०.३० चा. तळात अडकली तर बारीक तुकडा तुटावा, सगळी दोरी नाही. आणि तंगूस हाताला कधीही गुंडाळायची नाही. बोटांमधून सरकू द्यायची.

खारावारा

सोडायला हातगरी झकास, पण कठड्याच्या उंचीचा विचार करा. मुलाची छाती कठड्यापाशी येत असेल तर तंगूस कठड्यावर घासते आणि तो वाकून बघायला लागतो. रॉडमुळे मूल कठड्यापासून दीड पाऊल मागे उभं राहतं. माझ्या लेखी रॉडचा हा सगळ्यात मोठा फायदा, मासे नंतर.

गरवणारा

हे पटलं. गजांचा, छातीच्या वर येणारा कठडा असेल तर हातगरी. बुटका असेल तर रॉड.

दोनपोरांचीआई

सगळ्यांचे आभार, वाचतेय आणि वहीत उतरवतेय. आमिषाचं सांगा ना. आणि मासा लागला हे कळतं कसं?

कोळंबीकाका

आमिष: कोळंबी आणि म्हाकूल (स्क्विड), बस्स.

कोळंबी सोलून, एकीचे दोन-तीन तुकडे. आदल्या रात्री जाड मीठ चोळून डब्यात ठेवा. मीठ पाणी ओढून घेतं, मांस घट्ट होतं आणि पहिल्या टोच्याला गळून पडत नाही. म्हाकूल चिवट असतं म्हणून मुलांसाठी ते उत्तम: सेंटिमीटरभर रुंद, चार-पाच सेंमी लांब पट्टी, एका टोकाला दोनदा टोचायची. हुकचं टोक बाहेर दिसलं पाहिजे. पूर्ण झाकलं की मासा तोंडात घेतो आणि हुक न लागता सोडून देतो. मूठभर गोळा लावणं ही दुसरी चूक. तो मासे बाजूने खाऊन संपवतात.

आमिष उन्हात ठेवू नका, गोठवलेल्या पाण्याच्या बाटलीशेजारी डब्यात ठेवा. दर दहा मिनिटांनी वर काढून बघा. रिकाम्या हुकावर तासभर भक्तिभावाने बसणारे पुष्कळ दिसतात.

हुकनंबरआठ

कळायचं असं: टोक टकटक हलतं, ते कुरतडणं. तेव्हा काही करायचं नाही. टोक वाकून खाली राहिलं, किंवा ताठ तंगूस अचानक ढिली पडली (मासा आमिष घेऊन वर आला), की मग.

साध्या हुकाला मनगटाने छोटा झटका. गोल वळणाचा सर्कल हुक घेतलात तर झटका द्यायचाच नाही, नुसतं रीळ फिरवत राहायचं. तो तोंडाच्या कोपऱ्यात सरकून आपोआप बसतो. झटका दिला की तोंडातून सरळ बाहेर येतो. मुलांसाठी सर्कलच घ्या. मासा हुक सहसा पोटापर्यंत गिळत नाही आणि 'आता ओढ!' म्हणून ओरडावं लागत नाही.

नुसताचवाचक

ओरडल्याने मासे पळतात ना?

ओहोटी

बोलण्या-ओरडण्याने नाही. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळा परत फिरतो. पण धक्क्यावर उड्या मारणं, बादली आपटणं, शिसं काँक्रीटवर ठोकणं याची कंपनं खांबांतून थेट पाण्यात उतरतात. गप्पा मारा, गाणी म्हणा, नाचू नका.

शिसं६०ग्रॅम

ड्रॅग राहिला. रिळाच्या डोक्यावरची चकती, मासा जोरात ओढतो तेव्हा तंगूस न तुटता सुटू देणारी. तंगुशीच्या ताणाच्या चौथाई ते तिसरा हिस्सा इतक्या ओढीला सुटायला हवी. ६ किलोच्या तंगुशीला दीड ते दोन किलो. सामान तोलायचा काटा तंगुशीला अडकवून ओढा, दीड-दोन किलोवर रीळ कुरकुरत सुटलं पाहिजे.

आणि मुलांना एक सांगून ठेवा. ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवायचं नाही. मासा ओढतोय आणि आपण फिरवतोय, यात तंगूस आत येत नाही, नुसता पीळ पडतो. रिळाचं प्रमाण ५:१ असेल तर हँडलच्या एका फेऱ्याला पाच पीळ. दुपारपर्यंत ती तंगूस फेकायच्या लायकीची होते. मासा ओढेल तेव्हा ओढू दे, थांबेल तेव्हा फिरव.

रॉड कठड्याला नुसता टेकवून ठेवणार असाल तर ड्रॅग सैल करा आणि रॉडला दोरी बांधून कठड्याला अडकवा. एक चांगला मासा टेकवलेला रॉड घेऊन जातो, आणि रॉड तरंगत नाहीत.

गुंतासम्राट

धक्का आणि वाळू यातला खरा फरक मासा वर आणताना कळतो. पाण्यात तंगुशीवर माशाचं वजन जवळजवळ नसतं. पाण्याबाहेर आला की पूर्ण वजन, वर त्याची फडफड, आणि चार-पाच मीटर उचलायचंय. अर्ध्या किलोपर्यंत रीळ फिरवून आणा, घाबरू नका. त्यापुढे उचलायची जाळी लागतेच: ६० ते ८० सेंमी व्यासाची कडी, तळाला थोडं वजन, वर दोरी.

क्रम महत्त्वाचा. मासा पृष्ठभागावर दमू द्या. जाळी आधी पाण्यात बुडवा. मासा डोक्याकडून जाळीवर आणा. मग जाळी उचला, रॉड नाही. जाळी घेऊन माशाच्या मागे धावलात तर ती तंगुशीवर आपटते आणि मासा गेला. हे काम दोन माणसांचं आहे. एकाने रॉड, दुसऱ्याने जाळी. आणि याच वेळी मुलांकडे कुणाचं लक्ष नसतं, म्हणून मासा मोठा वाटला की मुलांनी ठरलेल्या जागी जाऊन बसायचं हे आधीच ठरवा.

खारावारा

याला लाख वेळा +१. मुलांच्या सुरक्षेचं एकत्र लिहितो.

पोहता येवो न येवो, दोन्ही मुलांना जीवरक्षक जाकीट, चालत धक्क्यावर पोचायच्या आधीपासून परत गाडीत बसेपर्यंत, पट्टे आवळून. पायात पुढून बंद बूट. चौघांनाही टोपी आणि चष्मा. चष्मा उन्हासाठी जितका, तितकाच उडून आलेल्या शिशासाठी. पोचल्यावर पहिलं काम: धक्क्यावर जीवरक्षक कडी आणि शिडी कुठे आहे ते सगळ्यांनी बघून ठेवायचं. कुणी पडलं तर मागे उडी मारायची नाही. ओरडायचं, तरंगणारी वस्तू फेकायची (झाकण घट्ट बसवलेला रिकामा शीतडबाही चालतो), एकाने बोट सतत त्या माणसाकडे रोखून ठेवायचं, दुसऱ्याने मदतीला फोन.

धक्क्याचा पृष्ठभाग ओला दिसतोय आणि पाऊस नाही? म्हणजे लाटा वर येताहेत. परत फिरा. मेघगर्जना ऐकू आली की रॉड खाली ठेवून आत जा. कार्बनचा रॉड वीज छान वाहून नेतो. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. जाता-येता डोक्यावरच्या विजेच्या तारांकडेही बघा, उभा धरलेला रॉड आपल्याला वाटतो त्यापेक्षा उंच पोचतो.

हुकनंबरआठ

हुक बोटात गेला तर: काटा चेपलेला असेल तर आला त्या वाटेने सरळ बाहेर. चेपलेला नसेल तर ओढाताण करू नका, तंगूस कापा, हुक हलणार नाही असा बांधा आणि डॉक्टर. डोळ्याजवळ, चेहऱ्यावर किंवा सांध्यात असेल तर चेपलेला असला तरी हात लावू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते निघायच्या आधी बघून ठेवा.

गरवणारा

कोणत्या माशाला हात लावायचा नाही, हे मुलांना आधी शिकवा. नियम सोपा: मोठ्यांनी ओळखल्याशिवाय कुठल्याच माशाला नाही.

शिंगाळ्याला (मिशा असलेला) पाठीवर एक आणि दोन्ही पंखांना एकेक ताठ काटा असतो, आणि त्यात विष. पाकटाच्या शेपटीला काटा. खडकासारखा दिसणारा, काटेरी डोक्याचा कुठलाही मासा आला तर तंगूस कापून सोडा. काटा लागला तर जखम धुवा आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४० ते ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. उष्णतेने वेदना बऱ्याच उतरतात. पाणी आधी न लागलेल्या हाताने तपासा, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. थर्मासमध्ये गरम पाणी न्या, चहालाही होतं. मग दवाखाना. काटा आत मोडला असेल किंवा छाती-पोटाला लागला असेल तर आधी दवाखाना.

केंड मासा फुगतो म्हणून मुलांना गंमत वाटते. त्याचं विष शिजवूनही जात नाही. तो थेट परत.

तंगुशीला चिकट, पारदर्शक धागे लागून आले तर ते जेलीफिशचे. उघड्या हाताने पुसू नका, फडक्याने.

कोळंबीकाका

सोडायचा मासा ओल्या हाताने धरा. अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं कवच. कोरड्या हाताने, फडक्याने तो निघतो. तापलेल्या काँक्रीटवर ठेवू नका. हुक खोल गेलेला दिसला तर उकरत बसू नका, हुकच्या शक्य तितक्या जवळ तंगूस कापा. असा मासा जगायची शक्यता उकरलेल्यापेक्षा जास्त. आणि पाच मीटरवरून फेकू नका. त्याच जाळीतून खाली सोडा.

मुलांना बादलीत बघायला ठेवायचा तर दहा मिनिटं, एका वेळी एक, सावलीत. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि मासा कुशीवर वळतो.

ठेवायचा असेल तर किमान लांबी, परवाना, बंदीचा काळ हे नियम जागोजाग वेगळे. निघण्याआधी बघा, धक्क्यावरचा फलकही वाचा. मोजपट्टी न्या, काही ठिकाणी शेपटीच्या टोकापर्यंत मोजतात, काही ठिकाणी शेपटीच्या खाचेपर्यंत. ठेवायचा तो लगेच मारून बर्फात. बादलीत तडफडत ठेवणं क्रूरही आणि मांस खराब करणारंही.

गुंतासम्राट

तळात अडकलं तर रॉडने झटके देऊ नका, टोक मोडतं. रॉड तंगुशीच्या सरळ रेषेत धरा, स्पूल तळव्याने दाबा, मागे चाला. चेहरा बाजूला वळवून, कारण शिसं सुटलं की गोळीसारखं येतं. त्याहून चांगलं: शिसं मुख्य तंगुशीपेक्षा कमजोर, ०.२० च्या तुकड्याने बांधा. अडकलं तर नुसतं शिसं जातं, हुक आणि मासा परत. शिसं हाताळल्यावर खाण्याआधी मुलांचे हात साबणाने धुवा.

तुटलेल्या तंगुशीचे छोटे तुकडे करून डब्यात भरा. वाऱ्यावर सोडलेली तंगूस पक्ष्यांच्या पायात जाते. पक्षी अडकलाच तर तंगूस कापून उडू देऊ नका, हळूहळू ओढून जाळीने वर घ्या, डोक्यावर टॉवेल टाका, शांत होतो. मग सोडवा.

दोनपोरांचीआई

वाचनखूण साठवली. दोन रॉड, सर्कल हुक ६ नंबर, म्हाकूल, भांगाची संध्याकाळची भरती, जाळी, थर्मास. पण मूळ प्रश्नातले दोन तसेच राहिले. धाकटीच्या हाती काय? आणि काहीच लागलं नाही तर?

ओहोटी

दोन्हींचं उत्तर एकच: खेकड्याची दोरी. हुक नाहीच.

जाड सुती दोरी, टोकाला कांद्या-लसणाची जाळीची पिशवी, त्यात माशाचं डोकं किंवा कोळंबीची सालं आणि एक ५० ग्रॅमचं शिसं. खांबाच्या अगदी जवळ तळाला सोडायची. पाच मिनिटं थांबायचं. मग अगदी सावकाश, हातावर हात टाकत ओढायची. खेकडा खाण्याच्या नादात सोडत नाही. धसमुसळेपणा केला की पाण्याबाहेर येताच सोडतो. पृष्ठभागाच्या जरा खाली आला की मोठ्यांनी उचलायची जाळी खालून सरकवायची. मासे रुसलेल्या दिवशीही खेकडे येतात, आणि सावकाश ओढायचं काम सहा वर्षांची पोर मोठ्यांपेक्षा चांगलं करते. मोठा मुलगाही तास-दीड तासाने रॉड टाकून तिकडेच येईल.

धरायचा तर मागून, कवचाच्या दोन्ही बाजूंनी, आणि मोठ्यांनीच. पोटाखाली अंडी दिसली तर लगेच खाली.

एकूण वेळ अडीच तास, जास्त नाही. मासे खात असतानाच उठा. पुढच्या वेळी मुलं स्वतः विचारतात.

शिसं६०ग्रॅम

घरी आल्यावर: ड्रॅग घट्ट करून रीळ गोड्या पाण्याच्या मंद धारेखाली. जोराचा फवारा नको, तो मीठ आत ढकलतो. सुकलं की ड्रॅग सैल करून ठेवा. तंगुशीचा शेवटचा दोन मीटर नखांमधून ओढून बघा, खरखर लागली तर तेवढा कापून टाका.

दोनपोरांचीआई

जाळीची पिशवी घरातच सापडली! धाकटीने ताब्यातही घेतली. दोरी किती लांब?

ओहोटी

धक्क्याची भरतीच्या पाण्यापासूनची उंची, अधिक त्याच वेळची पाण्याची खोली, अधिक दोन मीटर. उंची माहीत नसेल तर १५ मीटर घ्या, उरलेली गुंडाळून ठेवा.

गरवणारा

आणि दोरीचं वरचं टोक कठड्याला बांधा. मुलीच्या मनगटाला नव्हे.